आल्फ्रेड विल्यम ऑल्कॉक

आल्फ्रेड विल्यम ऑल्कॉक (२३ जून १८५९, मुंबई – २४ मार्च १९३३, बेल्व्हेडेर, केंट, इंग्लंड) हे ब्रिटिश वैद्य व प्राणिशास्त्रज्ञ होते. बंगालचा उपसागर, अंदमान समुद्र व अरबी समुद्र यांच्या खोल पाण्यातील प्राण्यांच्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या इन्व्हेस्टिगेटर या सर्वेक्षण जहाजावर त्यांनी १८८८ ते १८९२ या काळात शल्यचिकित्सक व निसर्ग-अभ्यासक म्हणून काम केले. पुढे ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक झाले. मासे व कवचधारी प्राणी यांच्या शेकडो जातींची वर्णने त्यांच्या नावावर आहेत. मात्र नव्या जातींची नावे ठेवण्यापुरते त्यांचे काम मर्यादित नव्हते. हे प्राणी श्वास कसा घेतात, प्रकाश कसा निर्माण करतात, पोटातील पिल्लांना कसे पोसतात, हे प्रश्न त्यांनी जहाजाच्या डेकवरच, प्राणी जिवंत वा ताजे असताना विचारले.

सुरुवातीचे जीवन

ऑल्कॉक यांचे वडील जॉन ऑल्कॉक हे जहाजाचे कप्तान होते. मुंबईत जन्मलेल्या आल्फ्रेड यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये मिल हिल, ब्लॅकहीथ व वेस्टमिन्स्टर येथील शाळांत झाले. १८७६ मध्ये वडिलांना मोठे आर्थिक नुकसान सोसावे लागल्यामुळे त्यांची शाळा अर्धवट सुटली आणि वयाच्या सतराव्या वर्षी त्यांना भारतात पाठवण्यात आले. मलबारमधील वायनाड येथे ते कॉफीच्या मळ्यांवर राहिले. तेथील रानात प्राणी पाहण्याची संधी त्यांना मिळाली, पण कॉफीचा धंदा तेव्हा उतरणीला लागला होता. तेथून ते कलकत्त्याला एका दलाली कचेरीत गेले व ती बंद पडल्यावर पुरुलिया येथे आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर भरती करणारे प्रतिनिधी म्हणून काम करू लागले. ही भरती फसवणूक, कर्जाचे बंधन आणि प्रवासातील मृत्यू यांसाठी कुप्रसिद्ध होती. ऑल्कॉक यांच्या चरित्रातील हा टप्पा बहुधा ओझरता सांगितला जातो.

पुरुलियात असतानाच एका परिचिताकडून त्यांना मायकेल फॉस्टर यांचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राथमिक पुस्तक मिळाले. शाळा सुटलेल्या या तरुणाच्या आयुष्याला त्या लहानशा पुस्तकाने दिशा दिली. काही काळ दार्जिलिंगच्या एका शाळेत शिक्षकी करून ते १८८१ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासासाठी दाखल झाले. तेथे निसर्गशास्त्राचे प्राध्यापक हेन्री अ‍ॅलेन निकोलसन यांचे साहाय्यक म्हणूनही त्यांनी काम केले. १८८५ मध्ये वैद्यकाची पदवी सन्मानासह मिळवून ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये रुजू झाले. आरंभीची नेमणूक वायव्य सरहद्दीवरील पलटणींत होती. प्राणिशास्त्राची आवड असणाऱ्या वैद्याला त्या काळच्या सरकारी नोकरीत एकच मनाजोगती जागा होती, ती म्हणजे सागरी सर्वेक्षण खात्यातील शल्यचिकित्सक व निसर्ग-अभ्यासकाची. १८८८ मध्ये जी. एम. जाइल्स यांच्यानंतर ती त्यांना मिळाली.

इन्व्हेस्टिगेटर

इन्व्हेस्टिगेटर हे सुमारे ५८० टनांचे, वाफेवर चालणारे, दोन्ही बाजूंना वल्हेचाके असलेले लाकडी जहाज होते. ते १८८१ मध्ये मुंबई गोदीत बांधले गेले. त्याचे मुख्य काम किनाऱ्याचे नकाशे तयार करणे, बंदरांच्या वाटेवरील खडक व उथळ जागा शोधणे आणि पाण्याची खोली मोजणे हे होते. प्राणिशास्त्रासाठी वेगळा वेळ दिलेला नसे. सर्वेक्षणाच्या एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्राकडे जाताना वाटेत खोल पाणी लागले, हवामान शांत असले आणि कप्तानाची इच्छा असली, तरच जाळे सोडले जाई. ऑल्कॉक यांच्या सुदैवाने तेव्हाचे प्रमुख अधिकारी आल्फ्रेड कार्पेंटर हे चॅलेंजर या प्रसिद्ध जहाजावर काम केलेले होते व त्यांना खोल समुद्राच्या शोधात रस होता. त्यांच्यानंतर आलेले आर. एफ. हॉस्किन यांच्या काळातही हे काम चालू राहिले.

खोल समुद्राची सीमा त्या काळी साधारणपणे १०० फॅदम (वाव), म्हणजे सुमारे १८३ मीटर, मानली जाई. इन्व्हेस्टिगेटरचे जाळे त्याच्या कितीतरी पट खाली जात असे. जड चौकटीचे जाळे तारेच्या दोराने तळापर्यंत सोडायचे, जहाज हळूहळू चालवत ते ओढायचे आणि वाफेच्या रहाटाने वर घ्यायचे, यात कित्येक तास जात. जाळे फाटून किंवा नुसत्या चिखलाने भरून वर आले, तर दिवस वाया जाई. रॉयल इंडियन मरीनच्या जहाजांवर कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील खलाशी मोठ्या संख्येने असत. त्या काळच्या शास्त्रीय निबंधांत जहाजाचे अधिकारी व अभ्यासक यांची नावे येतात, दोर ओढणाऱ्यांची क्वचितच येतात.

हे काम हिवाळ्यात व उन्हाळ्यात चाले. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, की जहाज मुंबईत उभे राही आणि निसर्ग-अभ्यासक गोळा केलेले नमुने घेऊन कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये त्यांची वर्णने लिहीत. ऑल्कॉक यांची चार वर्षे अशी अर्धी समुद्रावर व अर्धी संग्रहालयात गेली. त्यांत अंदमान बेटे, लखदीव (आजचे लक्षद्वीप), ओरिसा व आंध्रचा किनारा आणि मलबारजवळचा समुद्र त्यांनी पाहिला. या प्रवासाचे वर्णन असलेले ‘अ नॅचरलिस्ट इन इंडियन सीज’ हे त्यांचे पुस्तक १९०२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ते सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेले असून हिंदी महासागराच्या प्राणिशास्त्रावरील अभिजात ग्रंथांत मोडते.

जिवंत प्राण्यांचा अभ्यास

खोल समुद्रातील प्राणी पृष्ठभागावर येताना मोठ्या बदलातून जातात. दर दहा मीटर खोलीमागे पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, म्हणजे हजार मीटरवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या शंभर पटींहून अधिक असतो. उष्ण कटिबंधातील समुद्रातही दोन हजार मीटर खाली पाणी तीन अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेथून वर आणलेल्या माशाच्या शरीरातील वायू प्रसरण पावतो, पोट तोंडातून बाहेर येते, डोळे फुगतात, खवले सुटतात. उरलेले काम डेकवरचे ऊन करते. नमुना स्पिरिटच्या बाटलीत गेल्यावर त्याचा रंग व प्रकाश दोन्ही जातात. त्यामुळे संग्रहालयातील तज्ज्ञाला प्राण्याचे अवयव मोजता येतात, पण ते अवयव काय करत होते हे समजत नाही. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला आणि जाळे वर येताना तेथे हजर असलेला माणूस म्हणून ऑल्कॉक यांच्या नोंदींना वेगळे मोल आहे.

प्राणिप्रकाशाविषयीच्या त्यांच्या नोंदी याचे चांगले उदाहरण आहेत. हेटेरोकार्पस अल्फोन्सी या खोल पाण्यातील कोळंबीला जिवंत असताना पाण्याच्या बादलीत सोडले असता ती निळसर प्रकाशाचे ढग पाण्यात सोडते आणि त्या उजेडात बादलीतील इतर वस्तू दिसू लागतात, असे त्यांनी पाहिले. त्यांच्या मते हा द्रव शृंगिकांच्या बुडाशी असलेल्या उत्सर्जक ग्रंथींच्या छिद्रांतून येत असे. पुढील संशोधनाने या गटातील कोळंब्यांचा प्रकाशमान द्रव पचनग्रंथीतून येऊन तोंडावाटे बाहेर टाकला जातो असे दाखवले. उगमाविषयीचा त्यांचा तर्क टिकला नाही, पण हा प्रकाश शरीरातील स्थिर दिव्यासारखा नसून पाण्यात फवारलेल्या द्रवाचा आहे, हे निरीक्षण टिकले. असा फवारा पाठलाग करणाऱ्या शत्रूला गोंधळात टाकतो, असे आता मानले जाते.

त्यांचे सर्वांत भरीव शरीरक्रियाविषयक काम पाकट माशांच्या प्रजननावर आहे. इंडियन म्युझियमचे तत्कालीन अधीक्षक जेम्स वुड-मेसन यांच्याबरोबर त्यांनी पिल्ले देणाऱ्या पाकटांचे गर्भाशय तपासले. त्या दोघांचा टेरोप्लेटिया मायक्रुरा या रुंद पंखांच्या पाकटावरील निबंध रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात १८९१ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. या माशाच्या गर्भाशयाच्या अस्तरावर मऊ धाग्यांसारख्या असंख्य वाढी असतात. त्यांपैकी काही धागे वाढत्या पिल्लाच्या डोळ्यांमागील श्वसनरंध्रांतून आत शिरून घशापर्यंत पोहोचतात आणि दुधासारखा पोषक द्रव तेथे स्रवतात. पिल्लाला आईशी जोडणारी नाळ नसते. अंड्यातील बलक संपत आल्यावर ते या द्रवावर वाढते. या धाग्यांना वुड-मेसन व ऑल्कॉक यांनी ट्रोफोनेमॅटा हे नाव दिले. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या शब्दाचा अर्थ पोषण करणारे धागे असा होतो आणि तो आजही शास्त्रात रूढ आहे. सस्तन प्राण्यांखेरीज इतरत्र आई आपल्या शरीरातील स्रावाने पिल्लाला पोसते, याचा इतका स्पष्ट पुरावा त्या वेळी फारसा उपलब्ध नव्हता. पाकट हा बाजारात रोज येणारा मासा आहे. ही गोष्ट उजेडात येण्यासाठी तो कापून पाहणाऱ्याच्या हाती सुरीबरोबर प्रश्नही असावा लागला.

खोल पाण्यातील हाडाच्या माशांतही पिल्ले देणारे गट आहेत. त्यांच्यापैकी सॅकोगॅस्टर (१८८९) व हेफ्थोकॅरा (१८९२) या प्रजाती ऑल्कॉक यांनी प्रथम वर्णिल्या. अरबी समुद्राच्या खोल पाण्यातून मिळालेला, क्षीण डोळ्यांचा आणि विजेचा धक्का देणाऱ्या गटातील बेंथोबेटिस मोरेस्बी हा मासा त्यांनी १८९८ मध्ये नोंदवला. हार्पेडॉन स्क्वामोसस (१८९१) हा तर मुंबईच्या बोंबलाचाच खोल समुद्रात राहणारा भाऊबंद आहे. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात थव्याने राहणाऱ्या बोंबलाचा गण अंधाऱ्या तळाकडेही पसरलेला आहे, हे त्यामुळे कळले.

उथळ पाण्यातील प्राण्यांकडेही त्यांचे लक्ष होते. मायनस इनर्मिस या काटेरी माशाच्या अंगावर स्टायलॅक्टिस मायनोई हा हायड्रॉइड वर्गातील जीव वाढलेला असतो. ही जोडी त्यांनी १८९२ मध्ये वर्णिली व ती दोघांच्याही उपयोगाची असावी असे मत मांडले. त्याच वर्षी चिखलाच्या किनाऱ्यावरील एकनांगी खेकड्यांच्या सवयींवर त्यांनी टिपण लिहिले. त्यात नर आपला मोठा, रंगीत नांगा लढण्यासाठी वापरतो, तसेच मादीचे लक्ष वेधण्यासाठी हलवून दाखवतो, असे निरीक्षण आहे. नंतरच्या प्राणिवर्तन अभ्यासकांनी त्याचा वारंवार उल्लेख केला आहे.

इंडियन म्युझियम

१८९३ मध्ये वुड-मेसन यांचा मायदेशी जाताना समुद्रप्रवासात मृत्यू झाला आणि ऑल्कॉक यांची म्युझियमच्या अधीक्षकपदी नेमणूक झाली. कलकत्ता मेडिकल कॉलेजात प्राणिशास्त्राचे अध्यापनही त्यांच्याकडे आले. १८९५ मध्ये ते पामीर सीमा आयोगाबरोबर मध्य आशियात वैद्य व निसर्ग-अभ्यासक म्हणून गेले व तेथील संग्रहाचा अहवाल त्यांनी लिहिला. हा अपवाद वगळता पुढील दहा-बारा वर्षे इन्व्हेस्टिगेटरने आणलेल्या साठ्याची छाननी हाच त्यांचा मुख्य उद्योग होता. खोल समुद्रातील प्रवाळ (१८९८), मासे (१८९९), खेकडे (१८९९) आणि कोळंब्या, शेवंडे व त्यांचे नातलग (१९०१) यांच्या वर्णनात्मक सूची त्यांनी एकामागून एक प्रसिद्ध केल्या. भारताच्या खोल समुद्रातील प्राण्यांचे भूमध्य समुद्र व अटलांटिकमधील प्राण्यांशी असलेले साम्यही त्यांनी दाखवून दिले.

या ग्रंथांची व सोबतच्या चित्रसंचाची कीर्ती ज्या चित्रांवर उभी आहे, ती म्युझियमचे चित्रकार ए. सी. चौधरी व एस. सी. मंडल यांनी काढलेली आहेत. माशाच्या प्रत्येक खवल्याची ओळ व कोळंबीच्या प्रत्येक केसाचे स्थान दाखवणारी ही चित्रे आजही जाती ओळखण्यासाठी वापरली जातात.

लेनर्ड रॉजर्स यांच्याबरोबर १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्यांनी बिनविषारी समजल्या जाणाऱ्या काही सापांच्या लाळेतही विषारी गुणधर्म असल्याचे प्रयोगाने दाखवले. विषारी व बिनविषारी साप यांच्यातील भेद काटेकोर नसून पायरीपायरीने बदलणारा आहे, हा त्याचा आशय होता. १९०१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९०३ मध्ये त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला.

म्युझियममधील त्यांची कारकीर्द मात्र समाधानाने संपली नाही. प्राणिशास्त्राचे संशोधन म्युझियमच्या इतर कारभाराखाली दबते, त्यासाठी पुरेशी माणसे व स्वतंत्र व्यवस्था नाही, अशी त्यांची तक्रार होती. भूगर्भशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांना सरकारी सर्वेक्षण खाती मिळाली होती. प्राण्यांसाठी तसे काही नव्हते. सरकारने त्यांच्या म्हणण्याकडे लक्ष दिले नाही. १९०६ मध्ये ते रजेवर इंग्लंडला गेले व पुढे त्यांनी पद सोडले. त्यांचे उत्तराधिकारी नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी तीच मागणी चिकाटीने लावून धरली. १ जुलै १९१६ रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तेव्हा ऑल्कॉक यांना भारत सोडून दहा वर्षे झाली होती.

सह्याद्रीतील खेकडे

इंग्लंडला परतल्यावर ऑल्कॉक यांनी भारतातील गोड्या पाण्याच्या खेकड्यांची सूची पूर्ण केली. ती १९१० मध्ये इंडियन म्युझियमने प्रसिद्ध केली. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचे हे काम सर्वांत जवळचे आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. पहिल्या पावसात उल्हास, पेज व पाताळगंगा यांना मिळणाऱ्या ओढ्यांत, भातखाचरांच्या बांधांवर आणि माथेरानच्या उतारांवर खेकडे बाहेर पडतात. रात्री उजेड घेऊन ते पकडणे हा तेथील ठाकर व कातकरी कुटुंबांचा जुना शिरस्ता आहे. या भागातील मोठ्या, जाड कवचाच्या खेकड्याचा समावेश बॅरिटेल्फुसा या गटात होतो. हे नाव ऑल्कॉक यांनी १९०९ मध्ये दिले. त्यातील बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस ही जात त्याआधी, १८३६ मध्ये, कर्नल साइक्स यांनी दख्खनमधून नेलेल्या नमुन्यांवरून वर्णिली गेली होती.

ऑल्कॉक यांनी या खेकड्यांची विभागणी करताना कवचाच्या बाह्य आकारावर विसंबण्याचे टाळले. पाणी व माती यांच्या सवयीप्रमाणे कवचाचा आकार सहज बदलतो, म्हणून त्यांनी जबड्याला जोडलेल्या छोट्या स्पर्शकाची रचना पाहिली. काही खेकड्यांत त्याचे टोक साधे असते, तर काहींत दोन पाळ्यांचे. या आधारे केलेले दोन मोठे विभाग नंतरच्या वर्गीकरणात बदललेल्या स्वरूपात टिकून आहेत व सह्याद्रीतील बहुतेक खेकडे दुसऱ्या विभागात येतात.

समुद्रातील खेकड्यांची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर काही आठवडे पाण्यात तरंगणाऱ्या अळ्यांच्या रूपात वाढतात. ओढ्याच्या वेगात अशी अळी वाहून जाईल. म्हणून गोड्या पाण्यातील खेकड्यांत अंडी थोडी व मोठी असतात, अळीची अवस्था अंड्यातच आटोपते आणि बाहेर येतो तो पूर्ण आकाराचा इवला खेकडा, जो काही काळ आईच्या पोटाखालीच राहतो. पिल्ले बाळगणाऱ्या पावसाळ्यातील माद्या सरसकट पकडल्या गेल्यास त्या ओढ्यातील संख्या लवकर भरून येत नाही, याचे कारण हेच आहे. दूरच्या ओढ्यातून अळ्या वाहत येण्याची सोय नसल्यामुळे एकेका डोंगररांगेत वेगळ्या जाती निर्माण झाल्या आहेत. पश्चिम घाटातील घाटियाना हा गण २०१४ मध्ये नव्याने नोंदवला गेला आणि तेव्हापासून त्यात भर पडत आहे.

लंडन व अखेरचा काळ

लंडनच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक विद्यालयात पॅट्रिक मॅन्सन यांच्या आग्रहाने ऑल्कॉक अध्यापक झाले. रोग पसरवणारे डास, माश्या व गोचिड यांविषयी वसाहतींत जाणाऱ्या डॉक्टरांना शिकवणे हे त्यांचे काम होते. त्यासाठी लिहिलेले ‘एंटॉमॉलॉजी फॉर मेडिकल ऑफिसर्स’ हे पाठ्यपुस्तक १९११ मध्ये निघाले. १९१९ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठात वैद्यकीय प्राणिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले व १९२४ मध्ये ते निवृत्त झाले. मॅन्सन यांचे जावई फिलिप मॅन्सन-बार यांच्यासह त्यांनी लिहिलेले मॅन्सन यांचे चरित्र १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले.

२४ मार्च १९३३ रोजी बेल्व्हेडेर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मबाहिस हे इजिप्शियन जहाज अरबी समुद्राच्या खोल पाण्याच्या संशोधनासाठी निघाले. या जॉन मरे मोहिमेचे नेतृत्व सेमूर सेवेल यांच्याकडे होते. ते स्वतः सागरी सर्वेक्षण खात्यात ऑल्कॉक यांच्याच जागी काम केलेले वैद्य होते. अरबी समुद्रात मधल्या खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असलेला पाण्याचा जाड थर आहे, याची पद्धतशीर मोजणी या मोहिमेत झाली. ऑल्कॉक यांनी वर्णिलेल्या अनेक माशांचे व कोळंब्यांचे श्वसन त्या थरात कसे चालते, हा प्रश्न त्यानंतर अभ्यासकांसमोर आला. गुड व बीन या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञांनी १८९६ मध्ये खोल समुद्रातील माशांच्या एका प्रजातीला दिलेले अल्कॉकिया हे नाव ऑल्कॉक यांच्यावरून आले. त्या माशांचा समावेश आता पोरोगॅडस या प्रजातीत केला जातो.